अल्बानियाची मान

अमरावतीच्या एसटी स्टँडवर फुटबॉल झेंडूच्या टोपल्यात पडला, तेव्हा फुलं अशी उसळली म्हणतात, की परतवाडा गाडीचा कंडक्टर आपोआप हारात सजला आणि दोन म्हाताऱ्यांनी पुढारी समजून त्याला नमस्कार केला. नमस्काराचं सोडा, एवढं मीठ गोष्टीला लागतंच. पण फुलं उसळली हे खरं, आणि ती वलगावच्या किसनराव माळ्याच्या प्रणालीची होती हेही खरं.

"ओ भाऊ! डोळे घरी ठेवून आले काय?"

चेंडूमागं धावत आलेला मुलगा तिच्यासमोर थबकला. उंच, सावळा, धापा टाकणारा... अंगात लालभडक जर्सी आणि छातीवर पंख पसरलेला काळा पक्षी. त्यानं आधी फुलं वेचली, चेंडू नंतर उचलला. हे तिनं बरोबर पाहून ठेवलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पण भाऊ नका म्हणू ना."

"काहून? दादा म्हणू?"

"ते तं त्याहून वाईट."

हसू दाबायला तिनं त्याच्या छातीकडं बोट केलं. "अन् हे काय? दोन मुंड्यांचं कोंबडं?"

"कोंबडं!" त्याला खरंच लागलं. "गरुड हाये तो. अल्बानियाचा."

"आल्बानी? अंजनगावच्या पल्याड येते ते?"

"देश हाये, युरोपात. आपल्या अमरावती जिल्ह्यापेक्षा कमी माणसं हायेत तिथं. अन् याच हप्त्यात ते युरोपच्या मोठ्या स्पर्धेत पोचले. मायी तं झोपच उडाली!"

मुलाचं नाव गजेंद्र. घर अकोल्याला, बापाची काळी कसदार जमीन. पण पोराचा जीव हिरव्या मैदानावर, म्हणून अमरावतीत शारीरिक शिक्षणाचं कॉलेज. अल्बानिया त्याच्या गळ्यात पडला तो बाजारात. स्वस्तातली एक लाल जर्सी त्यानं घेतली, आठ वेळा धुतली, तरी रंग जाईना. ज्या देशाचा रंग जात नाही तो देश पाहावा तरी, म्हणून त्यानं माहिती काढली... आणि अडकला.

मग प्रणालीची फुलं रोज त्याच वेळी स्टँडवर उतरू लागली आणि गजेंद्रचा सरावही, कोण जाणे कसा, त्याच वेळी संपू लागला. हिवाळ्याचं कोवळं ऊन टोपल्यावर पडायचं. तो फुलांकडं बघत बोलायचा, ती टोपल्याच्या काठाशी चाळा करत ऐकायची.

"त्याइच्या संघातलं कोणी धड घरी राहत नाही," तो सांगायचा. "कोणी इटलीत खेळते, कोणी इंग्लंडात, कोणी जर्मनीत. सामना आला का सारे जमा होतात."

"लग्नाले सोयरे जमतात तसे?"

"तसेच. अन् दोन भाऊ होते पाह्य, एक स्वित्झर्लंडकून खेळला, एक अल्बानियाकून. समोरासमोर! माय बसली पाहाले, अर्धी बंडी या देशाची अन् अर्धी त्या देशाची शिवून."

"बाप्पा! अन् बाप?"

"बापाचं कोण विचारते?"

असं हसत-हसत एक दिवस त्यानं तिला सगळ्यात मोठी गंमत सांगितली. तिकडच्या लोकांची मान उलटी चालते. 'हो' म्हणायचं तर डावीकडून उजवीकडं हलवायची, आणि 'नाही' म्हणायचं तर वरून खाली.

"चाल, खोटारडा!"

"देवाशपथ."

त्या दिवसापासून दोघांची मान अल्बानियाची झाली. चहा पाहिजे? मान आडवी. राग आला? मान उभी. टपरीवाला चहा परत नेऊ लागायचा आणि ही दोघं पोट धरून हसायची. जगात दुसऱ्या कोणाला कळणार नाही असं बोलणं आपल्याजवळ आहे, या एवढ्या सुखावर प्रणालीनं थंडी काढली. गर्दीत तो लांबून भुवई उडवायचा, ती मान आडवी हलवायची... आणि तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

होळीच्या आधी गजेंद्रचं कॉलेज संपत आलं. तो अकोल्याला परत जाणार होता. दोन्ही घरांत पोरापोरींनी स्वतः जुळवलेली सोयरीक आजवर कधी झाली नव्हती, त्यामुळे बोलणं करायला मोठं माणूस पुढं पाहिजे होतं. त्याचे काका खुशालराव तेवढे मायाळू होते. काकाला वलगावला आणायचं, पण आधी तिला विचारायचं. विचारू, उद्या विचारू, असं करता करता शेवटचा दिवस आला.

तो स्टँडवर पोचला तेव्हा गाडी सुरू झाली होती. प्रणाली खिडकीशी होती. तो खाली उभा राहिला, कपाळावर घाम, आवाज फाटलेला.

"काकाले घेऊन येऊ काय... वलगावले?"

तिच्या शेजारच्या सीटवर गावचे शेषराव बसले होते. शेषरावांच्या कानात गेलेली गोष्ट गाडीच्या आधी वलगावला पोचत असे; कुणी सांगतं, एकदा तर घडायच्या आधीच पोचली होती. तोंडानं 'हो' म्हणणं शक्यच नव्हतं. प्रणालीनं ओठ घट्ट मिटले, चेहरा दगडासारखा केला आणि मान हलवली. आडवी. एकदा, दोनदा, तीनदा.

शेषरावांना 'नाही' दिसलं, गजेंद्रला 'हो' दिसलं, एका मानेत दोन पक्षी मारले, म्हणून ती स्वतःवरच खूश झाली. गाडी वळली. मागं वळून पाहायची सोय नव्हती.

आणि मग ती वाट पाहू लागली.

होळी गेली, पाडवा गेला. दारात मोटरसायकल वाजली की ती वाफ्यातून उठून पाहायची. फोन करावा? पण 'काकाले कधी आणतं?' हे पोरीनं विचारायचं? तिच्या नाकाला ते झेपेना. एकदा धीर करून तिनं केला, तर त्यानं उचलला नाही. उन्हाळ्यात झेंडू करपला. आई म्हणाली, पाणी कमी पडलं.

जूनमध्ये मात्र तिनं मनाशी पक्कं केलं. अल्बानियाचा क्रोएशियाशी सामना संध्याकाळी साडेसहाला होता. त्या वेळी गजेंद्रला भूकंपसुद्धा हलवू शकणार नाही, आणि तो असणार अकोल्याच्या स्टँडजवळ, त्याच्या मित्राच्या, धर्मेंद्रच्या चहाच्या दुकानात. तिथल्या मोठ्या टीव्हीचं कौतुक त्यानं शंभरदा केलं होतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून झेंडूचं बियाणं आणते, तिथंच जमुनामावशीकडं मुक्काम करते, असं घरी सांगून ती निघाली.

आभाळ भरून होतं, पण गळत नव्हतं. दुकानात पंखा गरम हवा ढकलत होता. अल्बानिया एका गोलनं पुढं होता आणि सामना उतरणीला लागला होता. लाल जर्सी तिला पाठमोरी दिसली.

"तुया काका मेला काय रे?"

तो वळला. हातातला चहा सांडला. "प्रणाली... नाही. काहून?"

"मंग तीन महिने झाले, पायी निघाला काय वलगावले?"

"तूनच तं नाही म्हटलं." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "एसटीत. मान हलवली नं, अशी." त्यानं मान हलवून दाखवली. आडवी.

"गजेंद्र... हे अल्बानियात काय होते?"

टीव्हीत आरडाओरडा झाला. क्रोएशियानं गोल केला होता. "अबे, गेला!" धर्मेंद्र कळवळला. गजेंद्रनं वळूनही पाहिलं नाही.

"बाजूले शेषरावकाका होता," ती म्हणाली. "नाही त्याच्यासाठी होतं. तुयासाठी हो होतं."

"तुया चेहरा असा होता, का मले वाटलं... एवढ्या मोठ्या गोष्टीत पोरगी मजाक काहून करीन?"

"मजाक? मायासाठी तं तेच खरं बोलणं होतं. फोन केला होता तुले."

"नंबर पुसून टाकला होता. अनोळखी दिसला, उचलला नाही. नाही म्हणणाऱ्या पोरीच्या मागं लागणारा पोट्टा मले व्हाचं नव्हतं."

पुन्हा ओरडा. अल्बानियाच्याच खेळाडूच्या पायाला लागून चेंडू अल्बानियाच्याच जाळीत गेला होता. प्रणालीची नजर तोवर गजेंद्रच्या बोटावर गेली होती. अंगठी नवी होती.

"अक्षय्य तृतीयेले साखरपुडा झाला," तो म्हणाला. "मूर्तिजापूरची हाये. वर्षाली. मायले होकार दिला मी... मले वाटलं, आता काय फरक पडते."

दोघं बाकावर बसली, मध्ये बियाण्याची पिशवी. सामना संपत आला, घड्याळ नव्वदीच्या पुढं गेलं, आणि एकदम धर्मेंद्र टेबलावर चढला.

"बरोबरी! अबे त्यानंच मारला! ज्यानं आपल्याच जाळीत घातला होता, त्यानंच फेडला!"

गजेंद्र झटक्यात उठला. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर वेडी आशा. "पाह्य! शेवटच्या मिनिटाले बी फिटते, प्रणाली. आताच काकाले सांगतो. साखरपुडाच झाला हाये, लग्न नाही..."

त्याचा फोन वाजला. पडद्यावर नाव दिसलं. तो तसाच उभा.

"उचल," प्रणाली म्हणाली.

पलीकडचा आवाज एवढा आनंदी होता, की कानाला लावलेला फोनही तो लपवू शकला नाही. "अहो, पायलं काय? आपलं अल्बानिया हारलं नाही! मी अशी ओरडली, अशी ओरडली, का आई म्हणे विंचू चावला काय पोरीले..."

तो 'हो' म्हणाला, 'मंग करतो' म्हणाला आणि फोन ठेवला.

"आपलं म्हणते ती," प्रणाली हळूच म्हणाली.

"महिनाभरापासून सारे खेळाडू पाठ करून राहिली. मी सांगतलं बी नव्हतं." मग घाईघाईनं, "पण मी तिले समजावून सांगीन..."

"काय सांगशीन? आमी दोघं मानेनं बोललो, म्हणून तू रड?" तिनं पिशवी उचलली. "त्या खेळाडूनं आपल्याच जाळीत मारला, अन् स्वतः पळून फेडला. इथं चूक आपल्या दोघाइची. तिच्या अंगणात काहून फेडाची?"

"तुले काहीच नाही वाटत?"

या प्रश्नावर ती हसली. "लय वाटते," ती म्हणाली. "म्हणून तं जाऊन राहिली."

दाराशी तिनं एकदा थांबावं, असं त्याला वाटलं असेल. ती थांबली नाही. थांबली असती तर राहिली असती, हे तिचं तिला ठाऊक.

जमुनामावशीनं गरम भाकरी वाढली. पहिल्या घासालाच प्रणालीचा बांध फुटला. ती अशी रडली की मावशीच्या हातातलं वरणाचं पातेलं हातातच राहिलं.

"काय झालं वं माय? कोनं काही म्हटलं काय?"

"मावशी... अल्बानिया..." पुढं तिला बोलता येईना.

"आल्बानी?" मावशीनं पातेलं खाली ठेवलं. "गेली काय?"

प्रणालीनं डोळे पुसले. खरं सांगायचं तर केवढी मोठी गोष्ट, आणि मावशीचे डोळे आधीच भरून आलेले. "हो," ती म्हणाली.

"तुया बरोबरीचीच असन नं?"

"हो."

"रड बाई, रड." मावशीनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "आपलं मानूस गेलं का रडाच लागते. पोटात ठेवलं तं सडते ते." आणि जमुनामावशी, जिनं फुटबॉल कधी पायानं ढकलला नव्हता, ती तिच्यासोबत मनापासून रडली. मग उठली, टोपलीतली एक भाकरी बाजूला काढली आणि आल्बानीच्या नावानं गाईसाठी झाकून ठेवली.

त्या बिचाऱ्या आल्बानीचा सोमवारी स्पेनशी आणखी एक सामना बाकी आहे, हे काही प्रणालीनं तिला सांगितलं नाही.