सांगायचा विचार आहे

परळला एका टॉवरखाली चहाच्या टपरीवर संघमित्राने त्याला गाठलं, ते निव्वळ तो एकटा उभा होता म्हणून.

"दहा मिनिटं द्याल? तरुण मुलं ऑनलाइन खरेदीचं कसं ठरवतात, त्यावर पीएचडी करतेय. आधी ही प्रश्नावली नीट चालते का, ते तपासायचंय."

"म्हणजे परीक्षा माझी नाही... तुमच्या प्रश्नांची?" त्याचे डोळे हसले.

सौमित्र. राहायला लालबागला. उत्तरं देता देता तो अडला.

"'खरेदी करीन' आणि 'करायचा विचार आहे', दोन्ही एकच धरलंत? विचार काय, रोज करतो! दिवाळीपासून बूट कार्टमध्ये पडलेत."

ती चिडली... मग हसली. घरी जाऊन तिने तो प्रश्न बदलला.

भेटी वाढल्या. तो मित्रांना पकडून आणायचा. कोण कुठल्या प्रश्नावर अडखळतं, ते ती टिपायची. दादर चौपाटीवर एकदा वाऱ्याने कागद उडाले. गोळा करता करता त्याने तिचा हात धरला – आणि उरलेले कागद तसेच उडत गेले.

"माझं उत्तर, पूर्णपणे सहमत."

"प्रश्न तरी विचारलाय का मी?" पण हात तिनेही सोडला नाही.

तिने घरी लगेच सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "मुलगा तुझ्यासाठी उभा राहील ना?" ती ठामपणे हो म्हणाली.

गणपतीत त्याने तिला घरी नेलं, 'मैत्रीण' म्हणून. त्याच्या आईने कौतुकाने मोदक वाढले. "नायगावला राहतेस ना? कुठे गं?"

"बीडीडी चाळीत."

"आडनाव काय म्हणालीस?"

तिने सांगितलं. आईचा वाढता हात थांबला नाही. बोलणं मात्र थांबलं.

परत निघताना, लालबागच्या बसस्टॉपवर ती म्हणाली, "आईंना आपलं कधी सांगणार?"

"सांगायचा विचार आहे गं... जरा वेळ दे."

"विचार नको, सौमित्र. सांगशील का?"

तो बस येतेय का ते बघायला लागला. इतक्यात त्याचा फोन वाजला.

"हो आई, येतोच... ती? ती कधीच गेली. एकटाच आहे."

ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

बस आली. पायरीवर चढून ती वळली. "ये ना. नायगावला, आमच्या घरी. आत्ता."

फोन कानालाच धरून त्याने बोट वर केलं – एक मिनिट.

बस सुटली. कंडक्टर समोर आला, तेव्हा तिचा आवाज अजिबात कापला नाही.

"एक, नायगाव."