पांढऱ्या पिशव्यांचा वैरी

"आत्याऽ! आणखी एक पिशवी गेली!"

रेडिओ ओरडतच मागच्या खोलीतून बाहेर आला. त्याचं तोंड कधी बंद नसायचं, म्हणून हे नाव! त्याची मोठी बहीण, ताई, आत धावली आणि हातातली भांडी तशीच टाकून आत्याही.

सुट्टीला आल्यापासून भावंडांचा जीव त्या अंधाऱ्या खोलीत अडकला होता. आत्या तिथे अळंबी वाढवायची. मळणीनंतर उरलेलं गव्हाचं काड गरम पाण्यात भिजवायचं, निथळायचं, अळंबीच्या बियाण्याचे थर देत प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचं आणि पिशव्या टांगून ठेवायच्या. हळूहळू काड पांढरंशुभ्र व्हायचं, मग कळ्या फुटायच्या. पण यंदा पांढऱ्या झालेल्या पिशव्या एकेक करून पिवळ्या पडत होत्या!

आत्या मटकन खाली बसली. "हीही खेप गेली, तर मी बंदच करते बाई हे सगळं!"

"असं नको ना गं, आत्या!" ताई कळवळली. त्यांचं धाकटं भावंड, पिल्लू, तापातून उठलं होतं, पण हातापायांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. डाळ पाहिली की ते नाक मुरडायचं, दूध गुपचूप ओतून द्यायचं. डॉक्टरीणबाईंनी तर बजावलं होतं, प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत. आणि अख्ख्या जगात पिल्लूला एकच गोष्ट आवडली होती, ती म्हणजे आत्यानं परतलेली अळंबी.

आत्या डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

"उंदीर असणार!" रेडिओ म्हणाला.

"उंदीर कुरतडेल, पिवळी कशाला करेल, शहाण्या?" ताईनं पिशवी हुंगली. "ए, नुकत्याच रंगवलेल्या खोलीसारखा वास येतोय हिला!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरात रंगाशी संबंध एकाच माणसाचा. आत्याचे यजमान, म्हणजे आतोबा, रंगारी होते!

"छे! आतोबा कशाला..."

"म्हणूनच पुरावा हवा. तोवर तोंडाला कुलूप! जमेल?"

"प्रयत्न करतो," रेडिओ केविलवाणं बोलला.

दोघांनी धडधाकट पिशव्या गुपचूप कोठीत हलवल्या. त्यांच्या जागी नुसत्या काडाच्या पिशव्या टांगल्या, आतून पिठाचा पांढरा हात फिरवून! मग रेडिओ पोत्याखाली दडून बसला. बसला कसला, नुसता चुळबुळत होता! नाकात काड जात होतं, पायांना मुंग्या येत होत्या आणि वर बोलायचं नाही! दाराआड ताई नखं खात होती.

दुपारी जेवायला आलेले आतोबा शीळ घालत आत शिरले. हातात फवाऱ्याची बाटली!

"आलीस का परत? थांब, बघतोच तुला!" असं पुटपुटत त्यांनी पिठाच्या पिशवीवर फुस्स फुस्स सुरू केलं.

"सापडलाऽऽत!" पोतं उडालं. आतोबांच्या हातून बाटलीच पडली.

"अरे, हळू! तुझ्या आत्याला कळेल!"

"काय कळेल?" आरडाओरडा ऐकून आलेली आत्या दारातच उभी होती.

आतोबा ओशाळले. "अगं, यंदा पहिल्यांदाच या खोलीत डोकावलो, तर पिशव्यांना बुरशी लागलेली! इतक्या कष्टानं भरल्या होत्यास! तुला वाईट वाटेल म्हणून न सांगता औषध मारत होतो. रंग देण्याआधी भिंतीला मारतो तेच. बुरशीचं नाव राहत नाही!"

ताई म्हणाली, "अहो आतोबा, अळंबी म्हणजे बुरशीच! ती पांढरी जाळी पसरली, तरच कळ्या येतात!"

आतोबांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मी रोग समजून पीकच मारलं?"

"जन्मभर भिंतींवरची मारलीत, घरातली तरी सोडायची होती!" आत्या कडाडली. "पोरांनो, साबणानं हात धुवा आधी! या पिशव्यांतलं आता काहीही खायचं नाही." मग ती पिवळ्या पिशव्यांकडे वळली. "पिल्लूला काय देऊ मी?"

रेडिओनं धावत जाऊन कोठीचं दार उघडलं. पांढऱ्याशुभ्र पिशव्या शाबूत होत्या, आणि एकीवर चिमुकल्या कळ्याही!

"अगं बाई!" आत्यानं दोघांना पोटाशी धरलं. "मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्ही केलंत!"

"शाबास रे पठ्ठ्यांनो!" आतोबा म्हणाले. "माझी अक्कल गहाण पडली होती, ती तुम्ही सोडवलीत."

पुढचे काही दिवस कुणालाच धीर नव्हता. जो तो दार किलकिलं करून बघत होता, आणि सगळ्यांत जास्त आतोबा!

अखेर अळंबी ताटात आली. पिल्लूनं आपली वाटी संपवली आणि न विचारता आतोबांच्या ताटात हात घातला.

"घे बाळा, सगळी घे!" आतोबांनी ताटच पिल्लूपुढे सरकवलं.

पिल्लू भरल्या तोंडानं म्हणालं, "आतोबा, उद्या जरा जास्त वाढून घ्या हं!"