सोपानचं आदर्श यकृत

सोपान मेटकरीचं यकृत तालुक्यात पहिलं आलं, तेव्हा ते सोपानचं नव्हतंच. शेळीचं होतं.

एचआयव्हीची नवी गोळी एखाद्याच्या यकृताला बाधते. म्हणून तालुक्याच्या उपचार केंद्रानं ती घेणारे सोपान आणि त्याची बायको वैजंता या दोघांच्याही बरगडीखाली नाण्याएवढी यकृतचकती चिकटवली होती. यकृत कुरकुरलं, की चकती केंद्रातल्या संगणकाला कळवायची. पोटात दारू गेली, की तेही कळवायची. हे दुसरं सोपानला झेपेना. शेळ्या विकायचा धंदा, सौदा जमला की बसणं आलंच. त्यानं रंभा शेळीची पोटाजवळची लव भादरली आणि चकती तिला लावली. मोबाइलवर रोज शाबासकी येऊ लागली. एकदा तर गरोदरपणाबद्दल अभिनंदनही आलं. मागोमाग केंद्राची माफी.

गोळी सुरू झाल्यापासून आठव्या महिन्यात वैजंताचे डोळे पिवळे झाले.

"गोळी बाधली का वो?" तिनं केंद्रात विचारलं.

डॉ. तांबोळी मॅडमनी संगणकाचा पडदा पाहिला. "संगणक नाही म्हणतोय. एकच चूल, एकच गोळी, आणि तुमच्या मालकांचं यकृत बघा, कसं ठणठणीत!" मग आवाज खाली आला. "ताई, रागावू नका. चकती काढून ठेवून दारू घेता?"

"मी?" वैजंता हसली. "अवो, सांगा की यास्नी."

"न्हाई घेत ती," सोपान म्हणाला. त्यानं सदरा बरगडीखाली ओढून घेतला. बिचारा बायकोला सांभाळून घेतोय, असं डॉक्टरांना वाटलं.

गोळी तीच राहिली. वैजंताला आठ दिवस दारू सोडवायच्या वर्गाला बसवलं. सोपान सोबतीला. तिथं त्याचाच बसण्यातला दोस्त दगडू दचकून उठला, "वैनी, तुमी बी?" आणि आदरानं खुर्ची दिली. सगळे हसले. सोपान पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. घरी तो तिला पेज भरवायचा, ती ओकायची.

नवव्या दिवशी तिला उठवेना. सोपाननं एका हातानं तिला आणि दुसऱ्यानं रंभाला धरून केंद्र गाठलं.

"मॅडम, माझं यकृत हे बघा," तो शेळी पुढं ढकलत म्हणाला आणि रडायला लागला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग भराभर रक्त काढलं, गोळी बदलली. "सावरेल बहुतेक. पण आठ दिवस फुकट गेले."

वैजंता बाकावर टेकली होती. ती ओरडली असती तर सोपानला बरं वाटलं असतं.

"सगळी मला बेवडी समजत हुती," ती हळू म्हणाली, "तवा तुमी शेजारीच बसला हुता न्हवं?"