आप्पांच्या मशीनवरचं चित्र

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टेबलाखालून दोन पाय तेवढे बाहेर आले होते. प्रतीक्षानं वडिलांचा, आप्पांचा जुना कॉम्प्युटर खुर्चीवर टेकवला आणि ती खाकरली.

"ठेवा तिथंच. उद्या पाहतो."

बारा वर्षं झाली होती, तरी तो आवाज तिनं ओळखला.

"उद्या मी पुण्यात असेन."

खाली डोकं आपटल्याचा आवाज झाला. वायरी सारत गजेंद्र उठला. कानाशी थोडे पांढरे केस, शर्टाला धूळ...

"प्रतीक्षा? काय व, सांगून तरी यायचं."

"सांगितलं असतं तर टेबलाखाली लपला असतास."

"लपलोच होतो ना."

दोघंही हसले. मग त्याची नजर कॉम्प्युटरकडे गेली. "आप्पांच्या तेरवीले आलो होतो. तू आत होती."

"हं. बाहेर दुकानाच्या पाटीवर नाव वाचलं. पूनम कोण?"

"बायको," तो हळूच म्हणाला.

तिला कॉम्प्युटरमधले आप्पांचे फोटो काढून हवे होते. अमडापूरच्या आपल्या बियाण्यांच्या दुकानात आप्पांनी हे मशीन कुणाला बदलू दिलं नव्हतं. तिनं पाठवलेला लॅपटॉप खोक्यातच राहिला. "हट्ट पुरे आता," असं ती फोनवर बोलली होती. जरा जास्तच तोडून.

गजेंद्रनं मशीन जोडलं. फोटोंच्या खाली एक फाईल होती, तिच्या नावाची.

बारा वर्षांपूर्वी पुण्याला निघताना स्टँडवर तिनं त्याला विचारलं होतं, काही म्हणायचंय? त्यानं पेनड्राईव्ह हातात ठेवला होता. "याच्यात हाये. पाहून सांग."

"ते पान कोरं होतं," ती आता म्हणाली. "वरपासून खालपर्यंत पांढरं. मला वाटलं, तुझं उत्तरच ते."

"कोरं?" त्यानं स्क्रीनवरून मान वळवली. "कशात उघडलं?"

"होस्टेलवर. नवा ब्राउझर होता तिथं."

"व्हीएमएलमधी काढलेलं चित्र होतं ते. एकेक रेघ आकड्यांत लिहायची. जुन्या निळ्या ई-च्या ब्राउझरमधीच दिसे, बाकी कुठं नाही. मले तेवढंच येत होतं... अन् तिकडं दुसरा ब्राउझर असन, हे डोक्यातच आलं नाही."

त्यानं क्लिक केलं.

अमडापूरचा फाटा. दोन सायकली. तिच्या निळीची चेन उतरलेली, नेहमीसारखी. खाली एकच ओळ – 'चेन मी बसवीन, जन्मभर. चालन?'

तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

"आप्पांना माहीत होतं?"

"त्यांच्याच दुकानात काढलं. ते म्हणे, तिले विचारतो. मीच नको म्हटलं. उत्तर नाही म्हणजे नाहीच, असं वाटलं. तर म्हणे, बरं, पण हे मशीन मी बदलू देत नाही, चित्र जाईन."

खोक्यातला लॅपटॉप तिच्या डोळ्यांसमोर आला. कितीदा बोलली होती ती त्यांना.

"आताच्या पद्धतीत करून देऊ?" त्यानं विचारलं. "मोबाइलवरही दिसन."

"नको... आहे तिथंच राहू दे."

फोटो निघाले. तो पाठमोराच म्हणाला, "ती सायकल हाये अजून?"

"पडवीत आहे."

"चेन पडत असन, तर—"

"बसवता येते मले आता," ती म्हणाली. पुण्यात हरवलेली बोली आपोआप ओठांवर आली होती.

मशीन उचलून त्यानं तिच्या गाडीत नेलं, पुढच्या सीटवर ठेवलं आणि जपून पट्टा लावला. आप्पा बसायचे तिथं.