वेइयो सगळ्यांना उत्तर देतो

खाली लिहिलं आहे ते घडलं आहे. मी बावीस वर्षं केमी या उत्तरेकडच्या बंदराच्या शहरातल्या वर्तमानपत्रात बातम्या तपासायचं काम केलं. यातली प्रत्येक वेळ मी दोनदा तपासली आहे. कुणाला पटवायचं म्हणून मी हे लिहीत नाही.

जुहान्नुस या आमच्या ऐन उन्हाळ्यातल्या सणाचा आदला दिवस, शुक्रवार. दुपारचे दोन वीस.

हो, दुपारचे. जूनमध्ये आमच्याकडे रात्र होतच नाही. जे झालं ते लख्ख उन्हात झालं.

त्या दिवशी शहरात माणूस नसतो. सगळे तळ्याकाठच्या आपापल्या लाकडी घरांकडे गेलेले असतात. माझा नवरा तार्मोही सकाळीच पुढे गेला होता, साउना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, तापवायला. मी एकटी मागे राहिले. वेइयोच्या घरी एक काम उरकायचं होतं.

वेइयो माझा धाकटा भाऊ. वय एक्कावन्न, एकटा. बंदराजवळच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दिवसा कागद गिरणीत नोकरी, संध्याकाळी 'पोर्ती'.

पोर्ती म्हणजे आमच्या भाषेत फाटक. ब्राउझरमध्ये एकदा बसवली की ती गप्प बसून असते. तुम्ही बँकेचं पान उघडलंत आणि ते खोटं निघालं, की पडदा लाल होतो. 'थांबा. ही तुमची बँक नाही.' बस, एवढंच तिचं काम. जगभरातल्या चार लाख घरांत ती होती. फुकट. जाहिरात नाही, वर्गणी नाही. मागे उभा होता एकटा वेइयो.

आणि त्या चार लाखांतले लोक त्याला काय लिहायचे ते मी वाचलेलं आहे.

पोर्तीचं एक पान आहे. लोक तिथे अडचणी कळवतात, कुणालाही वाचता येतात. मार्चमध्ये एका ब्राउझरची नवी आवृत्ती आली आणि पोर्ती अडखळायला लागली. तिथे लिहिलेलं होतं...

'दोन दिवस झाले. झोपा काढतोस का?'

'फुकट देतोस म्हणजे उपकार करतोस का?'

'जमत नसेल तर दुसऱ्याला दे. ऐतखाऊ.'

बुधवारी सकाळी नऊ दहाला कुणीतरी लिहिलं: 'मेलास की काय?'

डॉक्टरच्या कागदावर वेइयोच्या मृत्यूची वेळ आदली, मंगळवारची संध्याकाळ आहे. हृदय. तो खुर्चीतच होता. मार्चमधल्या त्या शुक्रवारी मी दार उघडलं तेव्हा पडद्यावर तेच पान होतं. त्या तीन दिवसांत सतरा निरोप आले होते. सतराच्या सतरा वाचून मग मी रुग्णवाहिका बोलावली.

तेव्हापासून मला एकच हवं होतं. या लोकांपासून वेइयोची सुटका.

एप्रिलमध्ये फोन आला. कुठल्याशा कंपनीचा माणूस, डॅनियल. आवाज लोण्यासारखा.

"राइला, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पोर्ती आमच्याकडे द्या. तुमच्या डोक्याला ताप राहणार नाही."

"आणि तुम्ही तिचं काय करणार?"

"सुधारणा."

सुधारणा म्हणजे काय ते मला कळत होतं. लोक काय बघतात, काय शोधतात, कुठे पैसे भरतात, ते सगळं गोळा करून विकायचं. फाटकावरचा पहारेकरीच चोरांना मिळायचा.

"एक विनंती आहे," डॅनियल म्हणाला. "वेइयो गेले हे कुठे लिहू नका. लोक घाबरून काढून टाकतात. आणि हे काम तुमच्या त्या सणाच्या आदल्या दिवशी करू या. तेव्हा कुणी बघत नसतं, नाही का?"

मी तार्मोला सांगितलं.

"देऊन टाक आणि मोकळी हो."

"अरे, लोकांच्या घरात डोळे लावून बसतील ते."

"कुठल्या लोकांच्या? तुझ्या भावाला शिव्या घातल्या त्यांच्या? तू काय त्यांची आई लागतेस?"

खोटं कशाला सांगू? मला बरं वाटलं ते ऐकून. भोगा म्हटलं, मेल्यांनो. चार लाखच्या चार लाख भोगा. डॅनियलला मी हो म्हटलं, गप्प राहायचा शब्दही दिला.

तर जुहान्नुसच्या त्या शुक्रवारी मी जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर हेल्वीबाईंचं दार उघडं होतं. वय शहाऐंशी, सणाला कुठे जात नाहीत. आतून नव्या बटाट्यांचा आणि शेपूचा वास येत होता.

"आलीस होय? मग सकाळपासून वर कोण आहे?"

"कोणी नाही. किल्ली माझ्याकडे आहे."

"मला शिकवू नकोस. टकटक, टकटक चाललंय. वेइयो असताना व्हायचं तसंच. मला वाटलं, तूच बसलीस त्याच्या जागी."

मी हसले. म्हातारीचे कान, दुसरं काय?

वरचं दार उघडलं. बंद घराचा वास. वीज एक जूनपासून तोडलेली, इंटरनेट एप्रिलअखेर बंद केलेलं. मोठा कॉम्प्युटर कोपऱ्यात, वायरी गुंडाळलेल्या. त्याचा जुना, खडखडणारा कीबोर्ड मी मे महिन्यात स्वतः खोक्यात घालून चिकटपट्टी लावली होती. खोका भिंतीशी तसाच होता. पट्टी जशीच्या तशी.

मी माझा लॅपटॉप मेजावर ठेवला. बॅटरी भरलेली होती, इंटरनेट माझ्या फोनवरून. कंपनीने पाठवलेली आवृत्ती तयार होती. पाच पूर्णांक शून्य.

आता उरलं होतं वेइयोचं शिक्कामोर्तब. त्यासाठी अंगठ्याएवढी एक किल्ली असते. ती लॅपटॉपला खोचायची, आकडा टाकायचा, की तिच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकतो. मग बोट टेकवायचं. बोट टेकल्याशिवाय शिक्का उमटत नाही आणि शिक्क्याशिवाय लोकांचे ब्राउझर नवी आवृत्ती घेत नाहीत. आकडा मला ठाऊक होता. जगाला पासवर्डवर व्याख्यानं देणाऱ्या माझ्या भावाचा आकडा आईचं जन्मसाल होतं.

त्याआधी मी ते सतरा निरोप पुन्हा वाचले. मुद्दाम. राग यावा म्हणून.

आला.

दोन पन्नासला मी किल्ली खोचली. आकडा टाकला. दिवा लुकलुकायला लागला.

बाहेर बंदरावर सीगल पक्षी ओरडत होते...

ते गप्प झाले.

सगळे. एकदम.

मी बोट पुढे केलं. किल्लीपासून दोन इंचांवर असेन...

दिवा स्थिर झाला.

मी बोट टेकवलं नव्हतं. हे मी कुठेही शपथेवर सांगेन. माझं बोट हवेत होतं आणि दिवा असा स्थिर झाला, जसा कुणीतरी शांतपणे बोट टेकवल्यावर होतो.

पडद्यावर ओळ आली. 'आवृत्ती ४.१८ प्रसिद्ध झाली. १४:५२.'

चार अठरा? मी पाच शून्य पाठवत होते. चार अठरा नावाची आवृत्ती कुठे नव्हतीच. वेइयोची शेवटची चार सतरा.

खाली बदलांची नोंद होती. एकच ओळ, त्याच्या नेहमीच्या कोरड्या भाषेत.

'मालक बदलण्याची सोय काढून टाकली.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. आणि तेवढ्यात...

टक.

टक टक टक.

भिंतीकडून. खोक्यातून. चिकटपट्टी लावलेल्या खोक्यातून.

तो आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. लहानपणी पलीकडच्या खोलीतून रात्रभर यायचा तो. भरभर दहा-बारा टकटकी, जरा थांबून एक जोराची. पुन्हा भरभर. पुन्हा एक जोराची.

मी पडद्याकडे पाहिलं. अडचणींच्या पानावर, सतरा निरोपांच्या खाली, एकेक उत्तर उमटत होतं. वेइयोच्या नावाने.

'झोपा काढतोस का?' त्याखाली: 'उशिराबद्दल माफ करा. बघतो.'

'ऐतखाऊ.' त्याखाली: 'उशिराबद्दल माफ करा. बघतो.'

'मेलास की काय?'

टकटक जरा थांबली...

'उशिराबद्दल माफ करा. बघतो.'

भीती नंतर वाटली. आधी माझं डोकं फिरलं. तो मेला होता, आणि माफी मागत होता! ज्यांनी त्याला मेल्यावरही तीन दिवस शिव्या दिल्या त्यांची!

"वेइयो!" मी ओरडले. "पुरे कर! काही लागत नाहीस तू त्यांचं! ऊठ तिथून!"

टकटक चालूच.

मी किल्ली उपटली. लॅपटॉप मिटला. टकटक चालूच. मी खोक्याला लाथ घातली. तो उलटा झाला, आत काहीतरी खडखडलं.

शांतता.

मी किती वेळ उभी होते माहीत नाही. हा एकच आकडा माझ्याकडे नाही. मग सीगल पुन्हा ओरडायला लागले.

खाली हेल्वीबाई दारातच होत्या.

"भावाशी भांडत होतीस?"

मी लॅपटॉप काखेत घट्ट धरला.

"चालायचंच," त्या म्हणाल्या. "पण त्याला काम करू दे गं. तो आवाज असला की मला झोप लागते."

सोमवारी डॅनियलचा फोन आला. लोणी वितळलं होतं.

"तुम्ही काय केलंत? पोर्ती आमचं काही घेतच नाही!"

"मी काही केलं नाही."

"शिक्का तुमच्या किल्लीचा आहे, बाई!"

त्याचं खरं होतं. मी तपासलं. शिक्का वेइयोच्या किल्लीचाच होता. पण आवृत्ती पाठवली गेली होती ती माझ्या फोनवरून नाही. वेइयोच्या घरच्या इंटरनेटवरून. एप्रिलअखेर बंद केलेल्या. बंद केल्याचा कागद माझ्याकडे आहे.

"कोणीतरी घरफोड्या असेल, कॉम्प्युटरवाला," तार्मो म्हणाला.

"आणि खोक्यातला आवाज?"

"ताण आला होता तुला."

पण त्याच संध्याकाळी त्याने ती किल्ली साउनामागच्या ओंडक्यावर ठेवली आणि कुऱ्हाडीने तिचे तुकडे केले. मी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटर आणि कीबोर्ड मी स्वतः भंगारात दिले, यंत्रात चिरडताना पाहिले, मग घरी आले.

जुलैमध्ये ४.१९ आली. त्याच शिक्क्याची.

ऑगस्टमध्ये ४.२०.

घर आता दुसऱ्यांकडे आहे, एक तरुण जोडपं. त्यांना काही ऐकू येत नाही म्हणतात. हेल्वीबाईंना येतं.

लोक खूश आहेत. तेच तर सहन होत नाही. पानावर कौतुक चाललं आहे. 'आता लगेच उत्तर मिळतं.' 'हल्ली रात्री-अपरात्री, सणासुदीलाही काम करतो, शाब्बास!' शाब्बास म्हणे. एकाही माणसाने विचारलं नाही, की हा माणूस झोपतो कधी?

मागच्या आठवड्यात मी ठरवलं. डॅनियलला दिलेला शब्द गेला खड्ड्यात. मी त्या पानावर माझ्या नावाने लिहिलं. सकाळी अकरा पाच.

'मी राइला, वेइयोची बहीण. वेइयो मार्चमध्ये वारला. मीच त्याला पुरलं. पोर्ती काढून टाका. त्याला सोडा.'

अकरा आठला खाली उत्तर आलं. मी ते रोज उघडून वाचते.

'नमस्कार राइला. कळवल्याबद्दल आभार. ही अडचण माझ्याकडे दिसत नाही. तुम्ही कोणता ब्राउझर वापरता?'