चंद्राच्या मागचा पोचा

कागदाच्या लगद्याच्या चंद्राला पोचा पडला होता, तोही मागच्या बाजूला. तो संगमेशनंच पाडला, असं शिबिराच्या बाळासो सरांनी सगळ्यांदेखत ठरवून टाकलं. आदल्या दिवशी हॉलमधून शेवटी तोच बाहेर पडला होता. उद्याच्या प्रदर्शनाला त्यानं यायचं नाही, असंही सर म्हणाले.

१९९९ची मे महिन्याची सुट्टी चालू होती. संगमेश निपाणीहून कोल्हापुरात शिवाप्पामामांकडे आला होता. विज्ञान शिबिरात त्याच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. मुलांनी कमरेएवढा चंद्र करायला घेतला, तेव्हा पृथ्वीवरून दिसणारी बाजू बाकीच्यांनी वाटून घेतली. कधीच न दिसणारी बाजू उरली, ती या पावण्याला मिळाली. मामांकडची कानडी वर्तमानपत्रं भिजवून त्यानं एकट्यानं तिकडची विवरं घडवली. उल्का आदळून झालेलं त्सिओल्कोव्हस्की विवर त्याचं सगळ्यांत लाडकं. काळाभोर तळ आणि मधोमध पांढुरका डोंगर. आता तो डोंगरच चेपला होता.

तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. कुणी बोलायला आलं नाही.

शिबिरातल्या प्रीतीला मात्र पोच्यात हिरवा रंग दिसला. चंद्राला हिरवा रंग कुणी लावलाच नव्हता. तिनं भावाला, नागसेनला, खुणावलं. पलीकडच्या खोलीत नवंकोरं हिरवं लोखंडी कपाट होतं. त्याच्या कोपऱ्यात कागदाचा कपटा अडकला होता, आणि त्यावरची अक्षरं कानडी होती.

प्रीतीनं सरांना बोलावलं. "सर, हे कपाट कधी आलं?"

"काल, तुम्ही सगळे गेल्यावर. हमालांबरोबर मीच हॉलमधनं आत ढकललं की."

"मग ह्या कोपऱ्यावर काय लिवलंय, बघता का?"

सर त्या कपट्याकडे बघतच राहिले. मग सगळ्या मुलांना घेऊन ते पायरीपाशी आले.

"संगमेश, चूक माझी हाय. न बघता तुझ्यावर आळ घेतला. उद्या प्रदर्शनाला तू यायचंच," ते म्हणाले. त्यांनी प्रीती आणि नागसेनची पाठ थोपटली. सगळ्या चंद्रात मागची बाजूच उत्तम झाली होती, हेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं.

दुपारी हॉल रिकामा झाला. संगमेश एकटाच नव्यानं लगदा मळत बसला. थोड्या वेळानं प्रीती आणि नागसेन येऊन शेजारी बसले आणि त्यांनीही लगद्यात हात घातला.

"उद्या प्रदर्शन झालं की रंकाळ्यावर जाऊया," नागसेन म्हणाला.

संगमेश खाली मान घालून मळतच राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "मला म्हणतोयस?"

"व्हय की. तुला सोडून कुणाला?"