झेलकरी

परीक्षेच्या वर्गात शांतता होती आणि घाम फुटला होता बाहेर पटांगणात.

कडुनिंबाखालच्या बाकांवर आया, बाप, मावश्या पोट धरून बसले होते. एक धिप्पाड बाप नळापाशी जाऊन ओकून आला. आत त्यांची लेकरं पेपर लिहीत होती, आणि चेहरे कसे, आत्ताच न्हाऊन आल्यासारखे. सोलापुरात याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. भीती उपजायची मुलांच्या पोटात आणि झेलायची मोठ्यांनी. झेलणाऱ्याला झेलकरी म्हणत. घरात कुणी मोकळं नसलं तर रोजावर झेलकरी मिळत.

त्यांतल्याच एका बाकावर नीलव्वा बिराजदार ताठ बसली होती. घरादाराची, गल्लीची अव्वा. शाळा चौथीत सुटलेली, पण शेंगाचटणीचा कारखाना एकटीनं उभा केलेला. ती नुसती खाकरली तरी कारखान्यातली उखळं भराभर चालू लागत.

शेजारची बाई कण्हायला लागली तशी अव्वा म्हणाली, "अगं, पेपर तुझ्या लेकाचा हाय, तू काय बाळंत व्हायलीस?"

अव्वा कालपर्यंत झेलकरी नव्हती. नात ईशानीची भीती दोन वर्षं तिची आई, स्मिता झेलत होती. परवा ती ऑफिसातच चक्कर येऊन पडली. डॉक्टर केतकी उपासनींनी तिला विश्रांती सांगितली आणि बाहेरचा झेलकरी लावायचं सुचवलं. अव्वा उसळली. "माझ्या नातीची भीती परक्या माणसाच्या पोटात? मी काय मेले?"

डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं. "भीती कुठं असते, अव्वा?"

"मनात. आणखी कुठं, फडताळात?"

"पोटातही असते. मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब नस उतरते. मेंदू बिचकला की त्या वाटेनं एक लाट खाली येते, पोट आवळतं, काळीज धडधडतं. ते जाणवलं की माणूस म्हणतो, मी घाबरलो. मुलाच्या मानेवरचं हे टिकलीएवढं यंत्र ती लाट अडवतं आणि तुमच्या मानेवरच्या टिकलीकडं धाडतं."

"मग वाऱ्यावर सोडा की. माझंच पोट कशाला?"

"करून पाहिलं. नुसती अडवली तर लाट उलटते आणि मुलाला दुप्पट लागते. ती जिवंत शरीरातच विरते, यंत्रात विरत नाही."

"म्हंजे एवढं शिकून भीती काय कमी केली नाहीत. तिचं नुसतं बिऱ्हाड हलवलंत."

डॉक्टर हसल्या. "खरं आहे. मुलं घाबरेनाशी झाली, तशा शाळांनी परीक्षा वाढवल्या. ते आमच्या ध्यानात आलं नव्हतं."

आणि आज पेपर संपला तरी अव्वाच्या पोटात फुलपाखराएवढी फडफड झाली, बस. घरी येऊन ती सुनेला म्हणाली, "एवढ्यासाठी आडवी झालीस व्हय गं?" स्मिता मेथी निवडत राहिली.

संध्याकाळी अव्वानं हाक मारली, "ईशे, कालच्या गणिताचं काय झालं?"

तेवढ्यात अव्वाच्या पोटात कुणीतरी ओला पंचा पिळला.

ईशानी हसत आली. "अठ्ठ्याऐंशी, अव्वा."

"उरलेले बारा काय वाटेत सांडले?"

सगळं घर हसलं. अव्वाच्या बोलण्याला घर नेहमीच हसायचं आणि सगळ्यात मोठ्यानं हसायची ईशानी. ती आत्ताही हसली. अव्वा मात्र खांबाला धरून खाली बसली. चटणी बाधली असेल म्हणून तिनं ओवा चावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ईशानी शाळेला निघायच्या आधी, ती दारातून आत येताना नुसती खाकरली आणि तिचेच पाय लटपटले. तशीच रिक्षा करून ती दवाखान्यात गेली.

"तुमचं यंत्र बिघडलंय, डॉक्टरीणबाई. शाळंत गप पडतंय आणि घरी बोंबलतंय."

"घरी कधी?"

"कधी म्हंजे, मी हाक मारली की. मी ताटावर बसले की. मी दारात खाकरले—"

डॉक्टर उगाच टेबलावरचं सामान सारखं करू लागल्या.

"पण ती हसतीय की! माझ्या बोलण्याला सगळ्यात जास्ती तीच हसतीय."

"ही नस चेहऱ्याकडं जात नाही, अव्वा."

"मी कधी बोट लावलं नाही पोरीला."

"माहीत आहे." डॉक्टर म्हणाल्या, "दुसरा झेलकरी देऊ का? तुम्हाला काहीच जाणवणार नाही."

"आणि त्याला जाणवंल. नको."

घरी येऊन अव्वा सुनेच्या पलंगाच्या कडेला टेकली. तिथं ती आजवर कधी बसली नव्हती.

"तुला ठावं होतं?"

स्मितानं मान डोलावली.

"दोन वर्षं? मग तोंडात काय मिठाची गुळणी धरलीवतीस?"

"कितीदा बोलायचं ठरवलं, अव्वा. दारापर्यंत यायची. पण तुमच्यासमोर उभं राहिलं की माझंही पोट तसंच आवळायचं. ईशानीचं कुठलं आणि माझं कुठलं, मलाच कळायचं नाही. दोन्ही एकदमच यायचं."

अव्वानं सुनेच्या पायांवरचं पांघरूण नीट ओढलं.

बाहेर चपला वाजल्या. ईशानी शाळेतून आली होती. अव्वानं घसा साफ करायचं टाळलं, आवाज शक्य तेवढा मऊ केला आणि म्हणाली, "ये गं, बाळा."

पंचा पिळला गेला, कालच्यापेक्षा जोरात. अव्वाचा असा मऊ आवाज पोरीनं कधी ऐकलाच नव्हता.

ईशानी हसत पुढ्यात येऊन उभी राहिली. तिला काहीच वाटत नव्हतं, सगळं अव्वाला वाटत होतं. पोरीनं पेपर पुढं केला. "एक्क्याण्णव, अव्वा."

उरलेल्या नऊचा टोमणा अव्वाच्या जिभेवर येऊन बसला होता. तिनं तो गिळला. "छान," ती म्हणाली.

पोट आणखी आवळलं.

"आणि?" ईशानीनं विचारलं.

"आणि काय? काही नाही. छान मिळवलेस."

अव्वानं पलंगाची कड घट्ट धरली आणि पोटातली लाट विरायची वाट बघत राहिली. एकापाठोपाठ दुसरी आली.

ईशानी समोरून हलली नाही. हसायला तोंड तयार ठेवून ती अव्वाचं पुढचं वाक्य ऐकायला थांबली होती.